पेन जवळ आहे ना?

लीलावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. भोपाळहून विनयचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन होता. "आत्या, आई नहीं रही," एवढंच तो बोलला आणि मग मराठी आठवल्यासारखा थांबून म्हणाला, "झोपेतच गेली. उठवायला गेलो तर..." चौऱ्याऐंशी वर्षांची होती, कुणाला त्रास न देता गेली, सोनं झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. 'आता मला काही झालं तर कोण आहे?' हा होता. शहात्तर वर्षांची बाई मी, माझी वहिनी गेलीय आणि मला पडलीय माझ्याच जिवाची! महिना होऊन गेला तरी त्याची लाज वाटते. ती सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिणं म्हणजे ढोंग होईल, म्हणून आधी सांगून टाकलं.

मला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दाण्याचा कण पोटात गेला तरी पाच-दहा मिनिटांत घसा आवळायला लागतो, नाडी बुडते. त्यावर जवळ बाळगण्यासारखं औषध एकच, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, आणि तेही वेळेवर द्यावं लागतं. आता ते जाडसर पेनासारख्या नळीत तयार भरलेलं मिळतं. माझा मुलगा परदेशातून आणून देतो आणि ते माझ्या पर्समध्ये असतं. दर रविवारी दहाच्या सुमाराला वहिनीचा फोन यायचा. कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. आधी, "शालू, पेन जवळ आहे ना?" मी हो म्हटलं की, "हातात घेऊन सांग." मी फोन बाजूला ठेवून पर्स आणायची, उघडायची, पेन हातात घ्यायची आणि मगच आमचं बोलणं पुढे सरकायचं. पुष्कळदा चिडायची मी. एकदा तर म्हणालेही, "वहिनी, अगं मी काय नऊ वर्षांची आहे का?" ती म्हणाली, "माझ्यासाठी आहेस."

मी खरोखर नऊ वर्षांची होते तेव्हा ती आमच्या घरात आली. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्य भारत हे नवं राज्य झालं, तेच ते वर्ष. आम्ही ग्वाल्हेरला नया बाजारात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या भाड्याच्या जागेत राहायचो. आई, माझा थोरला भाऊ दादा आणि मी. वडील आधीच गेले होते. दादा दरबारच्या दफ्तरात कारकून होता. टेबल तेच, दौत तीच, दारावरची पाटी तेवढी बदलली, असं तो हसून सांगायचा. पण आई धास्तावलेली असायची. दक्षिणेतून आलेल्या आमच्यासारख्यांना या मुलखात दरबाराचाच काय तो आधार, आता आपलं कसं, हे तिचं रोजचं पालुपद. अशा घरात सतरा वर्षांची लीलावहिनी उज्जैनहून आली. तिचे वडील तिकडे एका दवाखान्यात कंपाउंडर होते. येताना तिनं एक हिरवी ट्रंक आणली होती आणि आल्या दिवसापासून तिला एकच ध्यास होता, छोट्या नणंदेला आपलंसं करण्याचा.

आल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला तिनं आईला हात लावू दिला नाही. साबुदाण्याची खिचडी तिनंच केली आणि पहिली ताटली माझ्यापुढे ठेवली. याआधी दाणे खाल्ले की माझ्या अंगावर गांधी उठायच्या. आई म्हणायची, पोरीला पित्त आहे. मग आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं, तासाभरात बरं वाटायचं. मराठी घरात कुणालाही विचारा, अंगावर उठलं की ते पित्तच, आणि पित्तावर आमसूल! त्या दिवशी मात्र चार घास गेले असतील नसतील, तळहात खाजायला लागले, मग ओठ, मग कान आतून. आवाज बसला. आणि त्यानंतर जे येतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे... दुखत नाही काही, पण आपण आता मरणार ही खात्री होते. नऊ वर्षांच्या मुलीला मरणाबद्दल काय कळतं? पण ती खात्री मला झाली होती. आई आमसूल कोळत होती. "घाबरू नकोस ग, पित्त आहे ते, आत्ता उतरेल," असं म्हणत माझ्या छातीला लाल पाणी चोळत होती, आणि मला श्वास मिळत नव्हता. वहिनीनं माझे ओठ पाहिले. सासूबाईंना न विचारता, डोक्यावरचा पदर घसरलेला, अशी ती नवी नवरी रस्त्यावर धावली आणि महाराज बाड्याजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आली. त्यांनी दंडात इंजेक्शन दिलं. माझं काळीज धडधडायला लागलं, हातपाय थरथरले आणि घशाची मूठ हळूहळू उघडली. डॉक्टर हात धुताना आईला म्हणाले, "हे पित्त नव्हे बाई. दाणा हा या पोरीचा वैरी आहे. आणखी पाच मिनिटं आमसूल चोळत बसला असतात, तर मला यायची गरज नव्हती."

आईनं त्याच दिवशी दाण्यांची बरणी मोलकरणीला देऊन टाकली. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसली. सुई उकळणं तिनं माहेरी पाहिलं होतं. भरायची किती, टोचायची कुठे, हवा कशी काढायची हे ती डॉक्टरांकडून शिकली. त्यांनी तिला पत्र्याच्या डबीत स्पिरिटमध्ये बुडवलेली सिरिंज, कुपीची मान कापायला इवलीशी कानस आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन कुप्या दिल्या. तीन गोष्टी घोकून घेतल्या. वाट बघत बसायचं नाही, पहिल्या खुणेला द्यायचं. दिल्यावर पोरीला उठू द्यायचं नाही, निजवून पाय उंच ठेवायचे. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात आणायचंच, कारण उतरलेलं पुन्हा चढतं. घरात तिला कुणी लग्नातली गाणी म्हणायला सांगितलं तर लाजायची, पण हे तीनही नियम खडाखडा म्हणून दाखवायची.

आता मध्य भारताला राजधान्या दोन. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. उन्हाळा तोंडावर आला की दफ्तरांचे गठ्ठे बांधले जायचे, आणि फायलींच्या मागोमाग दादा आणि वहिनी इंदूरला. लोकांना त्याची गंमत वाटायची. गल्लीतले लोक दादाला म्हणायचे, "क्या बाबूजी, सरकार हवा खाने चली?" मला मात्र दफ्तराला बांधायच्या लाल कापडाचीसुद्धा भीती बसली. वहिनीची ट्रंक टांग्यावर चढली की माझे महिने सुरू व्हायचे... कुणाकडे जायचं नाही, हळदीकुंकवाला गेलं तर ओटीतलं काही तोंडात टाकायचं नाही, शाळेत मैत्रिणीच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. आई माझ्या प्रत्येक घासाकडे पाहायची, आणि तिच्या त्या पाहण्यानेच माझा घास अडकायचा. खरा त्रास की भीतीचा, हे मला तेव्हा कळायचं नाही. आजही पटकन कळत नाही. डबी घरीच असायची, वहिनीनं आईला शिकवलंही होतं, पण आईचा हात सुईला लागायचा नाही. "तू ये लवकर," एवढंच ती वहिनीला सांगायची. वहिनीनं म्हणून आणखी एक डबी करून घेतली आणि ती आपल्या ट्रंकेत ठेवली. दादानं विचारलं, "शालू इथे, आणि डबी इंदूरला कशाला?" ती म्हणाली, "ती कधी आली तर?"

एका थंडीत, चंपाषष्ठीच्या दिवशी, आई आणि वहिनी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होत्या. भरीत, रोडगे, सगळं चुलीपाशी मांडलेलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. भूक लागली होती. शेजारच्या मिश्राइन चाचींनी सकाळी गजक, म्हणजे गुळाची कुरकुरीत वडी, दिली होती, तिळाचीच ती, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसून एक तुकडा खाल्ला. चाचींचा दोष नाही. हलवायानं त्याच ओट्यावर आधी दाण्याची गजक कुटली असणार. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि घसा धरून उभी राहिले. आई ओरडली, "शिवू नकोस ग तिला, लीला! नैवेद्य व्हायचाय!" तिचंही काही चुकलं नाही, जन्मभराची सवय होती ती. वहिनी उठली, भरताचं पातेलं ओलांडून आली, मला धरून खाली निजवलं, फडताळातून पारोशी डबी काढली आणि सोवळ्यातच सुई भरली. स्पिरिटचा वास घरभर झाला. मला श्वास आला तेव्हा सगळा नैवेद्य बाटलेला होता आणि वहिनी मान खाली घालून सासूचं बोलणं ऐकायला उभी होती. मी दवाखान्यातून परत आले तेव्हा आईनं पुन्हा आंघोळ करून पुन्हा वांगी भाजायला घेतली होती. त्यानंतर तिनं डबी उचलली, देवघरात नंदादीपाशेजारी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आजपासून ही सोवळ्यात. पुढच्या वेळी कुणाला बाटायला नको." दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते तशी मग त्या डबीची व्हायला लागली. कुप्या तिनं काळ्या कागदातून काढून चांदीच्या वाटीत ठेवल्या. हळद, कुंकू, फूल... रोज. मला फार बरं वाटायचं. देवाच्या पदराखाली माझं औषध आहे म्हटल्यावर भ्यायचं काय!

वहिनी इंदूरहून आली की कुप्या बदलायची. फक्त एका वर्षी ते राहिलं. त्या वर्षी मध्य भारतच गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. आता सहा महिन्यांचं जाणं-येणं नव्हतं, दादा आणि वहिनी कायमचे चालले होते. दिवाळीच्या तोंडावर घरात सामानाचे ढीग, आईचे डोळे सतत ओले, आणि शेजारपाजारहून फराळाची ताटं यायची ती गडबडीत कुणीतरी आमच्याच डब्यात रिकामी केलेली. निघायच्या दिवशी दारात टांगा उभा असताना मी आमच्याच डब्यातली करंजी आमचीच समजून खाल्ली. कुणाच्या तरी करंजीत खोबऱ्याबरोबर कूट होता. वहिनीनं देवघरातून डबी आणली, कुपीची मान तोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं, हवा काढायला खिडकीच्या उजेडात धरलं... आणि तशीच थांबली. सिरिंजमध्ये चहाच्या पाण्यासारखं तपकिरी काहीतरी होतं. दुसरी कुपी कुंकवानं इतकी माखलेली की आतलं दिसत नव्हतं. पदरानं पुसली, तीही तशीच. रात्रंदिवस दिव्याशेजारी, उबेत आणि उजेडात राहून औषध नासलं होतं. वहिनीच्या तोंडावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि ती पाहून मला वाटलं, संपलं.

ती विळी घेऊन धावली. टांग्यावर बांधलेल्या हिरव्या ट्रंकेचा काथ्या तिनं विळीनं तोडला, साड्या रस्त्यावर फेकल्या आणि तळाशी असलेली दुसरी डबी घेऊन आली. ट्रंकेच्या अंधारातलं औषध पाण्यासारखं होतं. मला सुई लागल्याचं कळलंही नाही. नंतरचं एवढंच आठवतं की त्याच टांग्यात मला आडवं करून दवाखान्यात नेलं, माझे पाय ट्रंकेवर ठेवले होते, आणि दादाची गाडी चुकली. आई दवाखान्याच्या दारात बसून एकच म्हणत होती, "मी तर देवाजवळ ठेवलं होतं ग." वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "हो ना आई," ती म्हणाली. "पण देवाला दिवा लागतो, या औषधाला अंधार." त्यापलीकडे या विषयावर ती आईला जन्मात कधी एक शब्द बोलली नाही.

भोपाळला जाण्याआधी तिनं मला समोर बसवलं. संत्रं हातात दिलं, सिरिंजमध्ये साधं पाणी. "आता मी नाही इथे. शीक." मी संत्र्यात दहा वेळा सुई खुपसली, पण स्वतःला टोचायचं या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. मी शिकलेच नाही. लग्नानंतर ती जबाबदारी नवऱ्यावर ढकलली. नशिबानं त्यानंतर वेळ एकदाच आली, आणि तेव्हाही ते घरात होते. आता ते नाहीत. मुलानं पेन आणून दिलं तेव्हा वाटलं, सुटले. पण वहिनीला चैन नव्हतं. गेल्या वर्षी मी भोपाळला गेले तेव्हा तिनं पेनाबरोबर आलेली सुई नसलेली सरावाची नळी मागून घेतली. नातीकडून सूचनांचा कागद वाचून घेतला आणि माझी परीक्षा घेतली. मी टोपी काढली, अंगठा वरच्या टोकावर ठेवून दाबायला गेले, तोच तिनं माझ्या हातावर चापट मारली. "अंगठा नाही! मूठ कर. उलटं धरलंस तर अंगठ्यात घुसेल आणि औषध वाया. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, साडीवरून दिलं तरी चालतं, दाबून धर." मी म्हटलं, "तू तर मला दंडात द्यायचीस." ती म्हणाली, "तेव्हा तसं सांगत होते, आता मांडीत सांगतात. मी विचारलं डॉक्टरांना." या वयात, सत्तावन्न वर्षं कुणाला सुई न टोचता, ती अजून विचारत होती.

त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, "शालू, तुला एक सांगू का... मी प्रत्येक वेळी भ्यायले. तुला वाटायचं वहिनी खमकी आहे. तुला दवाखान्यात सोडलं की मी मागे जाऊन ओकायचे." मग ती म्हणाली, "त्या खिचडीत मी कूट जरा जास्तच घातला होता. तुला आवडावी म्हणून." सहासष्ट वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तिचा हात धरायला हवा होता, तो धरला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विनयचा फोन आल्यावर मी मिळेल त्या गाडीनं निघाले. बीना स्टेशन आलं तेव्हा पाण्याची बाटली काढायला पर्स उघडली. पेन नव्हतं. आदल्याच रविवारी वहिनीच्या फोनवर हातात घेतलं होतं ते टेलिफोनशेजारी तसंच राहिलं होतं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. जेवण नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून येतं. रोज नवा डबा, रोज नवा हात. कुठल्या भाजीत कूट, कुठल्या चटणीत काय, आणि दुःखाच्या घरी विचारायचं कसं? पेन विसरले हे सांगायचीही लाज वाटली. कुणालातरी सांगितलं असतं तर मुलानं दुसरं पाठवलं असतं, दुकानातून कुपी आली असती. पण मी मूर्खासारखी गप्प राहिले. दूध आणि केळी. विनयला वाटायचं आत्याच्या घशाखाली दुःखानं घास उतरत नाही. खोटं होतं ते. वहिनीच्या फोटोसमोर बसून मी दारातून येणारे डबे मोजत होते. भीतीनं रडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर विनयची मुलगी ऋचा ती हिरवी ट्रंक ओढत माझ्या खोलीत घेऊन आली. "आत्याआजी, आजीनं सांगितलं होतं, ये आपको ही खोलना है." वर दोन नऊवारी, मधे आईची शाल, आणि तळाशी पत्र्याची डबी. घासून घासून तिचा रंग गेला होता. आत नव्या पद्धतीच्या, पाकिटात बंद दोन सिरिंजा आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन कुप्या. मला वाटलं, जुन्या आठवणी जपून ठेवल्यात. चष्मा लावून लेबल वाचलं. मुदत पुढच्या वर्षीपर्यंतची होती. ऋचा म्हणाली, "हर साल मंगवाती थी पापा से. आम्ही हसायचो तिला. पेन तर आहे ना आत्याआजीकडे, मग हे कशाला? तर म्हणायची, ती कधी विसरून आली तर?"

मी कुपी खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ होती. ऋचा माझ्याकडे बघत राहिली, कारण तेरा दिवसांत आत्याआजी पहिल्यांदाच रडत होती, आणि ते थांबत नव्हतं. रडून झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, विसरलेल्या पेनासकट. ती रागावली नाही. स्वयंपाकघरातून एक संत्रं घेऊन आली आणि म्हणाली, "मला शिकवा. पहिले तुम्ही करा." मी एका सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, हवा काढली. सुई संत्र्यात बरोबर गेली. मग तिनं घरच्या चुलीवर माझ्यादेखत वरणभात केला, वर तूप घातलं. डबी ताटाशेजारी ठेवून मी पोटभर जेवले.